खोरव्यांचं लोखंड

मेनूथ, आयर्लंड,
१० सप्टेंबर २०२१, गणेश चतुर्थी

प्रिय विक्रांत,

गणपतीच्या शुभेच्छा, तुला आणि नेत्रालाही. माझे मोदक फुटले. एशियन दुकानातल्या पिठाचा भरवसा नाही. बाकी ठीक. विद्यापीठाचं वाचनालय उघडलं आहे. परवा कपाटांमधून हिंडताना आपल्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धा आठवल्या. तू मुद्दे काढायचास, मी बोलायचे, आणि चषक हातात धरून फोटो तू काढून घ्यायचास. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

तुझा मेसेज मिळाला. "अगं उर्मिला, कशी आहेस, ग्रँड ना? एक छोटंसं विचारायचं होतं. खोरव्यांच्या तलवारी पहिल्या हिवाळ्यात मोडतात, त्याचं कारण काय ठरलं होतं आपलं? गेमच्या दुसऱ्या भागाची डेडलाईन आहे यार."

उत्तर देते. फोनवर नको, मेसेजवर नको. कागदावर लिहून आज दुपारी टपालात टाकते. तुझ्या घरी, सँडीफोर्डला, ते सोमवारी पोचेल.

आधी खोरवे. त्यांच्याविषयी हल्ली तूच मुलाखतींत सांगतोस, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. गेल्या वर्षी कोरोनामुळे घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती. दर शनिवारी आपण पाचजण व्हिडिओवर जमायचो. तुम्ही एकेक पात्र घेऊन खेळायचात, मी गोष्ट रचायचे. खोरवे म्हणजे उघड्या खडकांच्या बेटांवर राहणारे दर्यावर्दी लुटारू. त्यांच्याकडे ना खाण, ना झाड. लुटलेली होडी ते किनाऱ्यावर जाळायचे आणि राख निवली की तिच्यातले खिळे वेचायचे. खिळे ही होडीची हाडं, असं मानून गळ्यात घालायचे. लोखंड घडवता येतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी एक लोहारीण पकडून आणली. तिने होड्यांच्याच कोळशात ते खिळे तापवले, एकावर एक ठोकून जोडले, आणि पहिलं पातं घडवलं. त्यांच्या पोरांना शिकवलं. हिवाळ्यात खोरवे नव्या तलवारी घेऊन निघाले आणि पहिल्याच घावाला त्या काचेसारख्या फुटल्या. इथवर आलो आणि जूनमध्ये बंदी सैल झाली. सगळे समुद्रावर पळाले. गोष्ट तिथेच राहिली.

तुझ्या कंपनीने फेब्रुवारीत नव्या गेमची जाहिरात केली, तेव्हा मला माझे खोरवे पडद्यावर दिसले. खाली एकच नाव होतं, तुझं. घण एका दाढीवाल्या पुरुषाच्या हातात होता.

एप्रिलमध्ये तुझ्या घरामागच्या बागेत आपण भेटलो. मी विचारलं, "लोहारीण कुठे गेली?"

"आहे ना. मागे भाता ओढते, नीट बघ."

"घण ती मारते, विक्रांत."

"बाईच्या हातात घण लोकांना पटत नाही गं. प्लेअरला पटलं पाहिजे."

"मी पाहिलंय."

तेव्हा तू नेत्राकडे बघून हसलास. म्हणालास, "कुठे पाहिलंस, ते सांगू का सगळ्यांना?" नेत्राला वाटलं, जुन्या मित्रांची काही गंमत असेल. तिने मला अजून थोडा चहा घेतेस का म्हणून विचारलं, आणि मी घेतला. पुण्यापासून डब्लिनपर्यंत शेकडो सभांत बोललेली मी, तुझ्या त्या एका वाक्यापुढे नुसता चहा प्यायले.

तुला कळलं होतं कुठे पाहिलं ते. गेल्या नोव्हेंबरात शकुंतला आत्या गेली. मला गावी जाणं शक्य नव्हतं. तू टॅलाहून, नेत्रा काम करते त्या हॉस्पिटलबाहेर गाडीत बसून फोन केलास, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापाशी सगळं बोलले. की आम्ही घिसाडी, गावोगाव फिरणारे लोहार. की बार्शीच्या आठवडी बाजाराबाहेर आमचं पाल असायचं. बाबा सांडशीने तापलेलं लोखंड धरायचे आणि समोर उभी राहून घण मारायची ती आत्या. आमच्यात बायकाच मारतात. तिच्याच पैशांवर मी वसतिगृहात राहिले. पुढे चव्हाण हे आडनाव सांगितल्यावर कोणी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जातीवर मी गावोगाव भाषणं केली, पण त्या भाषणांत "आम्ही" हा शब्द कधी आला नाही. खोरव्यांची लोहारीण म्हणजे आत्या आहे, हेही मी तेव्हाच सांगितलं.

तू फार मायेने बोललास. "हे कोणाला सांगत बसू नकोस, आपले लोक कसे आहेत तुला माहितीये. तू आराम कर. खोरव्यांचं काय करायचं ते मी बघतो."

आणि तू बघितलंस.

आता उत्तर.

आत्या म्हणायची, पाण्यात बुडवलं की लोखंडाला ताठा चढतो. तो ताठा उतरवायला पातं पुन्हा मंद आचेवर शेकावं लागतं, गव्हाचा रंग चढेपर्यंत. नाहीतर ते कडक होतं, पण ठिसूळ राहतं. लोहारणीने खोरव्यांना सगळं शिकवलं, हे सोडून. कारण पहिल्या दिवशी तिच्यापुढे जो खिळ्यांचा ढीग ओतला, त्यातले खिळे तिने ओळखले. ते तिनेच घडवले होते, स्वतःच्या घरच्या होडीसाठी. होडी जळाली तेव्हा तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे त्या होडीत होते. ती रडली नाही. तिने खिळे भट्टीत घातले आणि शिकवायला सुरुवात केली. खोरवे म्हणाले, बाई किती गुणी, काही हातचं राखत नाही.

हिवाळ्यात गेलेल्यांपैकी कोणी परतलं नाही. बेटावर उरल्या त्यांच्या विधवा. त्या तिला मारायला आल्या तेव्हा ती म्हणाली, मारा, पण आधी बसा. आणि जे राखून ठेवलं होतं ते तिने त्यांना शिकवलं. खोरव्यांचं खरं लोखंड तिथे सुरू होतं, त्या बायकांच्या घणाखाली.

रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या ऑनलाइन गणेशोत्सवात तुझा सत्कार आहे आणि ओळख मी करून द्यायची आहे. मंडळाचे उपेंद्रदादा म्हणाले, "विक्रांतनेच तुमचं नाव सुचवलं. पण दहाच मिनिटं हं, तुम्ही सुरू झालात की आरती राहते." मला बोलायला लावण्याइतका तू निर्धास्त आहेस. तुझा हिशेब असा की गोष्ट माझी आहे हे सांगायचं तर आत्या सांगावी लागेल, आणि आत्या सांगायची तर मी कोण ते सांगावं लागेल. तेवढी छाती हिची नाही.

त्या दहा मिनिटांत मी हे सगळं सांगणार आहे. पाल, घण, तुझा फोन, बागेतलं तुझं वाक्य, आणि तलवारी का फुटल्या तेही. मंडळ कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठवतं. पुढे काहीजण मला हळदीकुंकवाला बोलवायचं विसरतील. विसरू देत. दुसऱ्या भागात हे कारण खुशाल वापर. ते कुठून आलं, हे डब्लिनमधल्या प्रत्येक मराठी घराला माहीत असेल.

हा सूड आहे. त्याला मी न्याय वगैरे म्हणणार नाही. न्याय मागायला तुझ्या दारात आले होते, तेव्हा चहा मिळाला.

तू हे वाचशील तेव्हा सोमवार असेल आणि माझं बोलून झालेलं असेल. नेत्राला सांग, तिच्यावर माझा राग नाही.

शकुंतला घिसाडणीची भाची,
उर्मिला