चौदा नंबरची बदली

३ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची सिल्वासाला! आई म्हणत होती, परक्या गावात एकटी काय करशील? गेम करीन, दुसरं काय! इथून जवळच्या गलोंड्याच्या एका यार्न म्हणजे सुताच्या कंपनीला कामगारांसाठी सुरक्षेचा गेम हवाय. मशीनवर कसं उभं राहायचं, कुठे हात घालायचा नाही, असलं सगळं. ऑफिसात विंडोज, कामगारांच्या खिशात अँड्रॉइड आणि मशीनशेजारच्या टचस्क्रीनवर लिनक्स. तिन्हीकडे तोच गेम चालला पाहिजे. माझे साहेब आशिष पुण्यात बसतात, भेट फक्त फोनवर.

चाचणीसाठी फ्लोअरवरचा एक जुना लिनक्स कॉम्प्युटर स्क्रीनसकट खोलीवर आलाय. मागे खडूने १४ लिहिलंय. आणून दिला कंपनीतल्या फिटर चेतनभाऊंनी. धुळ्याचा बोलका माणूस, जाताजाता दोन्ही मुलींचे फोटो दाखवून गेला. डबा खाली राहणाऱ्या भिमाबाई देतात. त्या शहाद्याच्या. भाकरी झकास, बोलणं मोजकं. ही रोजनिशी त्या चौदा नंबरवरच टाइप करतेय. खोलीत बोलायला दुसरं आहे कोण?

२८ला आईची साठी. त्याआधी काम उरकून नाशिकला पोहोचायचंच, शब्द दिलाय तिला.

६ फेब्रुवारी
आधी इंजिन ठरवायचं, म्हणजे गेम ज्यावर बांधायचा ते सॉफ्टवेअर. अनरिअल दिसायला देखणं, पण या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ते म्हणजे लुनाला ट्रकचं इंजिन. युनिटीवर पाच वर्षं हात बसलाय, लिनक्सची बिल्ड, म्हणजे तिथे चालणारी तयार प्रतही निघते. गोडो हलकं, फुकट, त्याचा सगळा कोड उघडा आणि थेट लिनक्सवर बसून काम करता येतं. पण सवय नाही. म्हटलं, तिन्हींत एकच सीन करून बघू. रिकामा हॉल, मधे एक मशीन. माणूस नंतर घालू.

आज युनिटीची बिल्ड काढली. विंडोजवर ठीक, फोनवर ठीक. लिनक्सवर मशीनपाशी एक माणूस पाठमोरा उभा. नमुन्यातलं एखादं मॉडेल चुकून राहिलं असणार. वेंधळेपणा माझा.

दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही, हे आत्ता लक्षात आलं.

१० फेब्रुवारी
गोडोमध्ये सगळं कोऱ्यापासून केलं. माणूस आहे. अनरिअलचा सीन रखडत रखडत उघडला, त्यातही आहे. इंजिन बदललं तरी माणूस तोच. निळा शर्ट, खांद्यावर पंचा, डाव्या कोपराला ठिगळ. मी कुठेच घातलेला नाही.

तीन वाजले की तो मान वळवून दाराकडे बघतो. मग परत मशीनकडे.

११ फेब्रुवारी
भिमाबाई डबा घेऊन आल्या, स्क्रीन बघितली आणि डबा खाली ठेवून सांगू लागल्या. तो त्यांचा नवरा, सुकदेव. दोन वर्षांपूर्वी चौदा नंबर मशीनवर होता. तिथे आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून पुढच्या पाळीचा माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो, मगच पहिला निघतो. दिवाळीत तीन वाजताची बदली आलीच नाही. त्याने दुसरी पाळी काढली, तिसरी काढली आणि उभ्या उभ्याच कोसळून गेला.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. भिमाबाईंनी हातानेच थांबवलं.

"बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, ताई. ते अजून उभेच आहेत."

१४ फेब्रुवारी
आशिषना म्हटलं, लिनक्स वगळू या. ते म्हणाले, मग गेमचा उपयोगच काय, प्रत्येक मशीनवर लिनक्सच आहे. शेवटी गोडो पक्कं केलं. कोड उघडा आहे, म्हटलं, त्याला शोधून तरी काढू. ओळ न् ओळ चाळली. तो कुठेच नाही.

भीती वाटते. पण खरं सांगू? सकाळी उठल्यावर मी त्याला 'काय सुकदेवभाऊ' म्हणते. तेवढीच सोबत.

१७ फेब्रुवारी
तीन वाजले. त्याने दाराकडे बघितलं. मला बघवेना. स्क्रीनवर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, जा घरी.

काच कोमट होती.

तो गेला. हॉल रिकामा. मी खूप रडले, पण छान वाटलं.

१८ फेब्रुवारी
भिमाबाई खाली कुणाशी तरी हसत बोलतायत. डबा देताना मला म्हणाल्या, ते आले, पोटभर जेवले. जिन्यात निळा शर्ट वाळत घातलाय. ठिगळ आहे.

काम संपवून टाकलं. २६ची बस बुक केली. आता घरी.

२१ फेब्रुवारी
खोलीत मशीनचा आवाज येतोय. कॉम्प्युटर बंद केला तरी येतो.

स्क्रीनवरच्या हॉलमध्ये कुणीतरी उभं आहे. पाठमोरी बाई. पिवळी ओढणी. माझीच ओढणी—

२३ फेब्रुवारी
दाराकडे निघते. जिना उतरते. पुढचं पाऊल टाकलं की परत इथेच, मशीनसमोर. तीनदा झालं.

भिमाबाईंनी दार वाजवलं, हाक मारली. मी ओ दिली, ओरडले. या आवाजात ऐकू जात नाही. डबा बाहेरच—

२६ फेब्रुवारी
बस गेली. पाय दुखतात. बसता येत नाही. फक्त ही बटणं हलतात.

आईचा फोन वाजत राहिला. मग बॅटरी—

२७ फेब्रुवारी
दुसऱ्या किल्लीने कुलूप काढलं कुणीतरी. चेतनभाऊ. कॉम्प्युटर परत न्यायला आलेत. मॅडम न सांगता गेल्या, म्हणतायत. मी समोर स्क्रीनवर आहे ना!

दारात भिमाबाई. त्यांच्यामागे तो, निळ्या शर्टातला. भिमाबाईंना सगळं ठाऊक आहे. बोलत का नाहीत—

चेतनभाऊंना अक्षरं उमटताना दिसली. ते वाकून वाचतायत.

चेतनभाऊ, मागे व्हा. स्क्रीनला हात लावू नका. तुमच्या दोन मुली—

तीन वाजले.

भाऊ, उद्या माझ्या आईची साठी आहे. ती वाट बघत असेल. फक्त एकदा, खांद्यावर—