दीपाचा एक एकर

मी, श्रीमती त्रिशला पार्श्वनाथ बिरनाळे, वय ७६, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला शंका काढायची सवय आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दबाव आणण्याचे काम आजवर मीच केले आहे.

मला दोन अपत्ये: मुलगा अभिनंदन, मुक्काम बावडा, मुलगी दीपा, मुक्काम मेलबर्न.

१. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. खालचा मजला अभिनंदनचा. वरच्या दोन खोल्या दीपाच्या. ती वर्षातून पंधरा दिवस येते म्हणून त्या भाड्याने देऊ नयेत.

२. माझी शिट्टी, स्टॉपवॉच आणि सायकल शाळेतल्या मुलींच्या फुटबॉल संघाला द्यावी. सायकलचे ब्रेक आधी दुरुस्त करावेत.

३. कोडोलीच्या माहेरच्या जमिनीत माझा हिस्सा होता. १९७५ साली थोरले बंधू गुंडूआण्णा मला जीपने पन्हाळ्याला घेऊन गेले. पिठलं-भाकरी खायला घातली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी बी.ए. झालेली होते, तरी वाचले नाही. भावासमोर कागद वाचत बसणे मला उद्धटपणाचे वाटले. आण्णा आता नाहीत. त्यांच्या मुलांनी माझ्या मातीला जरूर यावे. त्यांना पिठलं वाढू नये.

४. बावड्याची तीन एकर ऊसजमीन. यजमान गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावे लागली: माझे, अभिनंदनचे, दीपाचे. प्रत्येकी एक एकर. माझा एकर मी अभिनंदनला देते. त्याने तो कसला आहे.

दीपाच्या एकराबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

अभिनंदनच्या सांगण्यावरून मी फेब्रुवारी २०१७ मध्ये मेलबर्नला गेले. लेकीला भेटायला, असे सर्वांना सांगितले. पर्समध्ये कुलमुखत्यारपत्राचा मसुदा होता. दीपाने त्यावर वकिलातीत सही केली, की तिच्या वतीने मी इथे तिच्या एकराची हक्कसोड अभिनंदनच्या नावे नोंदवायची, असे ठरले होते. तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली, सही केली आणि विचारले, "आई, तुझं काम झालं ना?" एकर भावाला सोडायचा आहे एवढे मी तोंडी सांगितले होते; कागद तिने वाचला नाही. मीही वाच म्हटले नाही.

त्या शनिवारी दुपारी तिने मला मैदानावर नेले. तिकडच्या फुटबॉलची बायकांची मोठी लीग त्याच वर्षी सुरू झाली होती. आठ संघ. खेळणाऱ्या मुली आठवडाभर नोकरी करून खेळायला येत. चेंडू लांबट, मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, खांबाला लागला किंवा बाजूने गेला तर एकच. दीपा त्या खांबांपाशी पंच होती. एरवी ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. हे झेंडे हलवायचे काम ती हौसेने करते हे मला ठाऊक होते, आणि मला ते कमीपणाचे वाटत असे.

शेवटची काही मिनिटे उरली असताना यजमान संघाच्या मुलीने चेंडू मारला. तो उंच खांबाला घासून आत गेला. आमच्या बाजूचे सगळे लोक उभे राहिले. मलाही सहाच वाटले. दीपाने एकच झेंडा हलवला, म्हणजे एकच गुण; सहाला दोन झेंडे हलवतात. लोक ओरडत होते, एकजण तिच्या मागच्या कठड्यावर हात आपटत होता. तिने मान वळवली नाही. वहीत लिहिले आणि पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. तो संघ हरला.

गाडीत मी म्हटले, एवढे लोक म्हणत होते, तर द्यायचे होतेस. ती म्हणाली, "लोक लांब होते, आई. खांबाखाली मी उभी होते."

ही मुलगी हजारो लोकांसाठी बोटभर सरकली नाही, आणि माझ्यासाठी एक एकर सोडून मोकळी झाली. माझ्यापुढे कागद वाचणे तिलाही उद्धटपणाचे वाटले असणार.

ते कुलमुखत्यारपत्र मी वापरले नाही. अभिनंदनला आठ वर्षे सांगत आले की काम वकिलांकडे अडले आहे. ते खोटे होते. कागद लाल शाईने रद्द करून सोबत जोडला आहे. दीपाचा एकर दीपाचा आहे. तो मी देत नाही, कारण तो माझा कधी नव्हता.

५. हे मृत्युपत्र मी लपवलेले नाही. काल अभिनंदनला समोर बसवून इथवरचा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हंजे आठ वर्सं मी कुणाच्या रानात ऊस लावला?"

"बहिणीच्या," मी म्हटले.

"आन् तिला म्हाईत हाय?"

"नाही. सही केली तेव्हाच सोडला, असं तिला वाटतं."

तो उठून बाहेर गेला. गाडी सुरू केली, बंद केली, परत दारात आला. "फोन तू करणार का मी?"

मी म्हटले, तू कर.

हे लिहीपर्यंत त्याने केलेला नाही. मी त्याला पुन्हा सांगणार नाही.

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) त्रिशला पार्श्वनाथ बिरनाळे

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली. त्याआधी आम्हाला संपूर्ण मजकूर वाचायला लावला.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. निशिगंधा विजयसिंह इंगवले
२. (सही) ॲड. राजवर्धन बाळासो चव्हाण