सोडलेला मासा

९ फेब्रुवारी २०२५
पोचलो एकदाचा! देवगड सोडल्यापासून तीन एसट्या बदलल्या आणि तिन्हींत माझ्या गळकाठ्यांनी कुणाच्या ना कुणाच्या डोक्याला टपली मारली. अंबाजोगाईच्या स्टँडवर एका आजोबांनी विचारलं, हे काय घेऊन चाललात? मासे धरायच्या काठ्या, म्हटल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. बीड जिल्ह्यात मासे धरायला समुद्रावरून माणूस आणावा लागतो म्हणजे कमाल झाली, असं म्हणून त्यांनी मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

मला आणलंय विजयसिंहांनी. केजच्या बाजूला धरणाचा फुगवटा त्यांच्या रानाला भिडतो. तिथे ते हौशी गळवाल्यांसाठी कॅम्प काढताहेत. पुणे-संभाजीनगरची मंडळी येणार, गळ टाकणार, मासा धरून फोटो काढणार आणि मासा परत पाण्यात सोडणार. पाहुणे यायचे दिवाळीनंतर. तोवर कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्याला, कुठला मासा कशाला तोंड लावतो याचा तक्ता मी तयार करायचा. पंधरा वर्षं खाडीत पर्यटकांना जिताडा आणि तांबोशी दाखवली, त्यापुढे हे गोडं पाणी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

राहायला दोन खोल्या आहेत. पत्रे नवे आहेत आणि खिडकीतून थेट पाणी दिसतं. योगिता आणि वैष्णवी माझ्या मेहुण्याकडे राहताहेत त्याला आता दोन वर्षं होतील. पोरीची चौथीची परीक्षा संपली की दोघींना कायमचं इथे आणायचं. तिघं एका छपराखाली, बस, एवढंच हवंय.

११ फेब्रुवारी
आज पहिला मासा! सकाळी सव्वासातला, शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून केलेल्या गोळ्यावर रोहू लागला. दोन किलो तीनशे. पाणी अजून गार आहे, मासा आळसावलेला आहे, ऊन पाण्यावर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. आमच्याकडे सगळं भरती-ओहोटीवर चालतं. उधाणाचं पाणी खाडीत चढायला लागलं की जिताडा आलाच म्हणून समजा. इथलं पाणी फक्त एकाच दिशेला जातं, खाली खाली. भर उन्हाळ्यात जुन्या नदीच्या खोल पात्रात सगळे मासे गोळा होतील, तेव्हा खरी मजा.

रोहू ओल्या फडक्यात धरला, तोलला, मापला, परावर क्रमांकाची पिवळी पट्टी लावली. मग पाण्यात दोन्ही हातांनी धरून जरा पुढे-मागे हलवला. दमलेल्या माशाला असं केलं की कल्ल्यांतून पाणी फिरतं आणि त्याचा दम परत येतो. शेपटी हलली, सोडला. माशांच्या वेगळ्या वहीत नोंद केली.

कचरू हे सगळं बघत उभा होता. तो आणि त्याची बायको भामाबाई इथे कामाला आहेत. ती स्वयंपाक करते, तो राखण करतो आणि स्वतःपुरतं जाळं टाकतो. त्याने विचारलं, "खायाचा नसंल तर धरता कावून?" मी हौस, खेळ, निसर्ग असं बरंच सांगितलं. त्याला ते अजिबात पटलं नाही. इथली रीत म्हणे अशी, की पाण्यातून काढलेला मासा बोटभर असला तरी परत पाण्यात टाकायचा नाही. नको असेल तर काठावर घारींना ठेवायचा. मी त्याला सुनावलं, की असल्या रीतीमुळेच तुमच्याकडे मासा वाढत नाही. जेवायला भामाबाईंनी त्याच्या जाळ्यातल्या माशांचं कालवण केलं होतं. तिखट एवढं की मासा आहे की बटाटा ते कळू नये. माती खाल्लेला मासा असा झाकावाच लागतो, म्हणा.

२ मार्च
दुपारचा वारा गरम झालाय आणि पाणी दोन हात उतरलंय. कटला आता वरच्या थरात दिसतो. सकाळी सहा ते नऊ उत्तम, अकरानंतर सगळं थंड. आतापर्यंत एकेचाळीस मासे धरले आणि सोडले. विजयसिंह येऊन वही बघून गेले. खूश आहेत. अशी वही जिल्ह्यात कुणाकडे नाही म्हणाले.

एक गंमत नोंदवून ठेवतो. पट्टी क्रमांक एकचा तो पहिला रोहू चौथ्यांदा लागला. आता धडपडत पण नाही. पाहुण्यांसाठीच्या पत्रकात मी लिहिलंय, की सोडलेला मासा भीती विसरतो आणि थव्यासकट परत येतो, म्हणून मोठा मासा हवा असेल तर आधी लहान सोडावा. विजयसिंहांना हे वाक्य फार आवडलं.

भामाबाई आज भांडल्या. मी सोडलेल्या माशांमुळे त्यांनी पाण्यावर धुणं बंद केलंय. भुताला घाबरता का, म्हणून जरा चिडवलं. तर त्या उसळल्या. "आमच्यात भूत-बित कुणी मानत न्हाई. ह्ये भूत न्हाई, पाणी हाय. पाण्याला तुमी खेळ शिकवायलात." मग भाकरी ताटात जरा जास्तच जोरात पडली.

२३ मार्च
खालचा ओठ आतून फुटलाय. उष्णता असेल. जेवताना झोंबतं, त्यात भामाबाईंचं कालवण!

दुसरं म्हणजे, काल अकराला काठावरच्या बाभळीखाली टेकलो आणि उठलो तेव्हा दोन वाजले होते. कपडे ओले होते. घाम म्हणावा तर खिशातला रुमालसुद्धा पिळून निघाला. उन्हाची सवय नाही मला. उद्यापासून टोपी घालणार.

६ एप्रिल
या चेष्टेचा मला राग आलाय आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

वहीत कालच्या तारखेला मी न केलेली नोंद आहे. रकाने माझे, शाई माझी, आणि अक्षरही माझंच, ‘ळ’ची ती वाकडी शेपटीसुद्धा. ‘वजन चौसष्ट किलो. लांबी पाच फूट सहा इंच. गळ खालच्या ओठात. जोर बरा. सोडला.’

लांबी माझी आहे. केजला जाऊन औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो. चौसष्ट! माणसाची टिंगल करायची तर वजन तरी खोटं लिहावं. कचरूला विचारलं, त्याला वाचता येतं पण तो असलं काही करणार नाही. विजयसिंह आठवडाभर मुंबईत आहेत. म्हणजे उन्हात गुंगी येऊन मीच लिहिलं असणार. दुसरं काय असणार?

ओठाला आता आरपार भोक आहे. पेन्सिलचं टोक जाईल एवढं.

१४ एप्रिल
कचरू आणि भामाबाई सकाळीच जयंतीला गावात गेले. मलाही चला म्हणाले होते. जायला हवं होतं.

खोलीतच बसलो होतो, दार लावून. साडेअकरा. लख्ख ऊन. ओठाला आतून ओढ लागली. आधी हळू, मासा आमिष चाखतो तशी. मग एकच हिसका. मी दाराची कडी स्वतःच्या हाताने काढली. चालत गेलो. चालायचं नाही असं ठरवत चालत गेलो. गुडघे, कंबर, गळा. पाणी वर कढत आणि खाली बर्फासारखं होतं.

कुणी दिसलं नाही. मला ओल्या कशात तरी गुंडाळलं. तोललं. डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं. फार काळजीने, आणि त्या काळजीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. मग दोन्ही बाजूंनी धरून मला पुढे-मागे, पुढे-मागे हलवलं. दम परत यावा म्हणून.

शुद्धीवर आलो तेव्हा काठावर होतो. आता पाच वाजलेत. वही उघडायची हिंमत नाही.

१५ एप्रिल
उघडली. ‘वजन बासष्ट. घरी दोघी. आणील. सोडला.’

१६ एप्रिल
कचरूला सगळं सांगितलं. वही दाखवली. तो हसला नाही, याचंच रडू आलं. तो म्हणाला, "धरलं तर ठिवायचं, साहेब. आमच्या आज्यापासून हेच हाय. पाणी बी ठिवतंय, एकदा घेतलं की घेतलं. सोडायचं त्याला ठाव नव्हतं." मग म्हणाला, की आजवर बुडालेला माणूस एकटाच बुडायचा.

मी शिकवलं. लहान सोडा, थवा घेऊन येईल. माझंच वाक्य आहे ते.

१८ एप्रिल
पळायचं ठरवलं. केजहून अंबाजोगाईची एसटी पकडली, खिडकीशी बसलो. गाव मागे पडलं तसा ओठ ताणला. दहा-बारा किलोमीटर. मग गळा भरून आला आणि मी पाणी ओकलो. लोटाभर, हिरवट, शेवाळाचा वास असलेलं. शेजारची बाई ओरडली. ओठातून रक्त सदऱ्यावर. कंडक्टरने दवाखान्यात जा म्हणून रस्त्यात उतरवलं. तिथून पुढे एक पाऊलही टाकता येईना. मागे वळलो तर पाय कसे पळायला लागले! दोर मोठा आहे, पण दोर आहे.

२० एप्रिल
योगिताला फोन केला. येऊ नका म्हटलं. ओठामुळे बोबडं येतं. कुणी मारलंय का, दारू पितोस का, काय झालंय खरं सांग, म्हणाली. रस्ता बंद आहे म्हटलं. साथ आहे म्हटलं. शेवटी म्हटलं की इथे दुसरी ठेवलीय.

ती म्हणाली, तुझा धड आवाज निघत नाही आणि दुसरी कोण ठेवून घेईल. पंचवीसला पेपर संपतोय, त्याच रात्रीच्या गाडीत आम्ही बसतो.

ठरल्यापेक्षा चार दिवस आधी. मी तोंड उघडलं नसतं तर निदान चार दिवस मिळाले असते.

२२ एप्रिल
‘वजन सत्तावन्न. हलका होतोय. फार वेळ टिकणार नाही. लवकर आणावा. सोडला.’

२३ एप्रिल
वही जाळली.

२४ एप्रिल
वही टेबलावर. ओली.

२५ एप्रिल
बोलता येत नाही. खालचा ओठ आणि जीभ सुजून एक झालेत. आवाज निघतो तो माणसाचा नाही. चिठ्ठी लिहून विजयसिंहांना दिली, माझ्या बायको-मुलीला इथे आणू नका, स्टँडवरूनच परत पाठवा. त्यांनी वाचली. माझ्या पाठीवर थोपटलं. डॉक्टर घेऊन येतो म्हणाले, आणि वहिनींना आणायला मी स्वतः गाडी घेऊन जातो.

विजयसिंह दुष्ट नाहीत. चांगला माणूस आहे. हेच तर —

२६ एप्रिल, सकाळी
एकच उपाय. मी त्यांना पाण्यापर्यंत नेणार नाही. मला नेताच येणार नाही, असं करायचं. कचरूने जाळ्याच्या दोरीने मला लोखंडी खाटेला बांधलंय. छाती, मांड्या, पाय. उजवा हात मी मोकळा ठेवायला लावला, लिहायला. भामाबाई रडत होत्या. मी खुणेने कचरूला फाट्यावर जायला सांगितलं. जीप अडव. पाया पडलो असतो, पण बांधलेला होतो. दोघंही गेले.

साडेदहा
ओढ. दोरी कापतेय. खाट सरकली. वीतभर. सरकू दे. दारातून निघणार नाही ती.

पावणेअकरा
ओढतंय. खाट दाराला अडली. अडली! हसू येतंय, ओठ फाटतोय. ओढ. ओढ बाबा. मी नाही येत.

अकरा
सैल पडलं.

एकदम. काहीच नाही. ओठात काहीच नाही. महिन्याभरात पहिल्यांदा — जिंकलो काय मी?

जीपचा आवाज. फाट्याच्या बाजूने नाही. पाण्याच्या बाजूने. त्यांनी पाणी दाखवायला मुद्दाम काठाकाठाने —

खिडकीतून दिसतंय. विजयसिंह हात करून दाखवताहेत, इथे तंबू, इथे धक्का. योगिता इकडे माझ्या खोलीकडे धावतेय. इकडे नको. पोरीकडे बघ. पोरगी कुठे आहे?

वैष्णवी पाण्याशी. घोट्याइतक्या पाण्यात. हसतेय. उंच झालीय किती. ओरडतोय मी, ऐकू जात नाही, दार खाटेने अडलंय, योगिता दार बडवतेय, मागे बघ गं, मागे —

तिने ओंजळीत काहीतरी धरलंय. चमकतंय. मासा. बोटभर. आपणहून आला तिच्या हातात. ती तो बापाला दाखवायला वर धरतेय. देवगडच्या धक्क्यावर मीच तिला शिकवलं होतं, पिल्लू मिळालं की आधी काय करायचं. शहाणी आहे माझी पोर. एकदा सांगितलेलं विसरत नाही. वाकली. दोन्ही हात पाण्यात. पुढे, मागे, पुढे —

वैष्णवी, सोडू न