हातमोज्याच्या वर दोन बोटं

३ मार्च, सोमवार
उजव्या हातावर, हातमोजा संपतो त्याच्या वर दोन बोटं, एक लाल ठिपका. शर्टाच्या बटणाएवढा. खाजतोय. डास असणार. डासच!

५ मार्च, बुधवार
डास नव्हे. आज ब्युटी पार्लरच्या वर्गात पडद्यावर माझाच हात! म्हणजे चित्र दुसऱ्या कुणाचं, पण ठिपका हुबेहूब. मॅडम म्हणाल्या, "कड लाल, खवलेदार, मध्ये कातडी जवळजवळ चांगली. हा नायटा. एकाचा दुसऱ्याला होतो. आपण काय करायचं?" सगळ्या एका सुरात — हात लावायचा नाही, आजाराचं नाव घ्यायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं! मीही ओरडले. बाही खाली ओढून.

आपल्यालाच झाला तर? बरं होईपर्यंत प्रात्यक्षिक बंद. नायट्याला तीन-चार आठवडे सहज. परीक्षा २६ ला. आणि माझी हजेरी आधीच काठावर, सासूबाईंच्या मोतीबिंदूत आठ दिवस गेले. म्हणजे वर्ष बुडालं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून? नवरा बोलणार काहीच नाही, नुसता हसेल. ते हसणं मला नको.

६ मार्च, गुरुवार
डॉक्टरकडे नाही गेले. केमिस्टकडे गेले. "खाजेवर काहीतरी द्या." त्याने हात पाहिलासुद्धा नाही, ट्यूब पुढे सरकवली.

८ मार्च, शनिवार
जादू! लाली गेली, खाज गेली. उगाच घाबरले होते.

दुपारी चिमणीचं फेशियल केलं. चिमणी म्हणजे माझी जोडीदारीण. एकोणीस वर्षांची, एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, म्हणून नाव मीच ठेवलं. आमच्या वर्गात जोड्या ठरलेल्या, मी तिच्या चेहऱ्यावर शिकायचं, तिने माझ्या. जबड्याचा मसाज करताना माझा हात तिच्या गालावर टेकतो. हातमोजा दोनदा वर ओढला. दोनदा खाली घसरला.

"ताई, तुमचा हात किती हलका आहे हो," म्हणाली. डोळे मिटून.

११ मार्च, मंगळवार
अभ्यास डोक्यात गेलाय. दुकानदाराच्या गालावर वांग दिसतो, शेजारणीच्या भुवईत कोंडा. सासूबाईंच्या मानेवरच्या चामखिळी मोजल्या. सात! त्या करवादल्या, "माझं अंग आहे की तुझं पुस्तक?" सगळ्यांचं दिसतं मला. स्वतःचा हात तेवढा बघत नाही.

१५ मार्च, शनिवार
फेशियल, चिमणीवर. हात असा झाल्यापासून तिसरं.

१७ मार्च, सोमवार
ट्यूब एक दिवस लावली नाही तर परत आला. आता तळहाताएवढा, पण कड पुसट, नुसता गुलाबी. नायटा असा दिसतो का? नसेलच तो. परत लावली.

२० मार्च, गुरुवार
चिमणीच्या जबड्यावर. उजवीकडे. गोल.

मॅडमनी भिंगाच्या दिव्याखाली तिला बसवलं. आम्ही सगळ्या भोवती. "घरी जनावर आहे का?" चिमणी म्हणाली, "मांजर आहे, मॅडम. तिचे केस झडतायत." मॅडमनी मान हलवली. झालं. मांजराकडून आला, निकाल लागला. "बरी झाल्याचं डॉक्टरचं पत्र आण, मग ये." म्हणजे परीक्षेला नाही. तिच्या वडिलांनी आधीच सांगितलंय, या खेपेला पास झाली नाहीस तर पुरे झालं शिकणं.

ती रडली नाही. आपला ब्रश, आपला टॉवेल वेगळ्या पिशवीत भरला, वर गाठ मारली, अगदी शिकवल्यासारखी. जाताना माझ्याकडे बघत होती. मी क्रीमच्या बरणीचं झाकण लावत होते. लागलेलंच होतं ते.

२१ मार्च, शुक्रवार
आज मॅडम म्हणाल्या, "काही मलमांनी खाज जाते, लाली जाते, कडही पुसट होते. आजार मात्र आत पसरत राहतो. ज्याला झालाय त्याला वाटतं बरा झाला, आणि तो दुसऱ्यांना वाटत सुटतो." वाटत सुटतो! वहीत उतरवून घेतलं. अक्षर माझं मलाच वाचवेना.

मांजराचा काही दोष नाही. मीच. मीच केलं हे.

जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "परीक्षेचं टेन्शन घेतेस उगाच." बरं, म्हटलं.

२२ मार्च, शनिवार
डॉक्टरकडे जाऊन आले. नायटाच. ट्यूब पाहून ते चिडले, "ही कुणी दिली?" म्हटलं, मीच घेतली. गोळ्या, दुसरं मलम, महिनाभर.

मग घरभर फिरत बसले. कपाट आवरलं, परत काढलं, परत आवरलं. सांगू की नको? सांगितलं तर मॅडम मला काढतील, काढू देत! पण चिमणीला कळेल की रोज कौतुक करायची तोच हात... थू. लाज वाटते स्वतःची. आणि गप्प बसले तर मी पास, ती घरी. सरळ हिशेब आहे आणि मी दोन दिवस तो सोडवतेय.

ठरलं. उद्या चिमणीकडे, सोमवारी मॅडमकडे. वाक्यंही पाठ केली. "अगं, तुला ते माझ्यामुळे झालं." एवढंच. आठवतं का बघू.

२३ मार्च, रविवार
गेले. दार तिनेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत माझा हात धरून रडायला लागली. "ताई, मी आठ दिवसांपूर्वीच बघितलं होतं तुमच्या हातावर. आमच्या मांजराचंच हो. माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला लागलं. मॅडमना तुमचं नाव नाही सांगितलं मी. मला माफ करा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे गं," म्हटलं, "होतं असं."

माफी मागायला गेले होते. देऊन आले.