मास्तरांच्या हाडांना फळी

प्रति,
मा. नगराध्यक्ष साहेब,
नगरपालिका कार्यालय, कास्त्रोव्हूनी

विषय : माझे कै. यजमान थ्रासिव्हूलोस दिमोपूलोस, गावाचा इतिहास लिहिणारे मास्तर, यांच्या अस्थींच्या पेटीस अस्थिघरात एक फळी मिळणेबाबत.
संदर्भ : आपलं नकाराचं पत्र, आणि त्याच्या आधीचं नकाराचं पत्र.

महोदय,

संत इलियासची शपथ घेऊन सांगते, या अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो आणि शेळ्या आटोत.

मास्तरांनी हयात घालवली ती गावातल्या मेलेल्यांची नावं गोळा करण्यात. कोण कुठल्या घरचा, त्याला चिडवायचे काय, कुठल्या दरडीखाली गेला, सगळं म्हाताऱ्यांना खोदून विचारायचे. इतकं, की ते दिसले की म्हाताऱ्या मेल्याचं सोंग घ्यायच्या. थेओनी तर अशी निजली, की पाद्री येऊन प्रार्थना म्हणायला लागला, तेव्हा कुठे उठली.

पण एकदा त्यांनी नको ते विचारलं. चौकात पुतळा आहे तो बंडाचा म्होरक्या, कापेतान बारलास, सणाच्या दिवशी तुर्कांशी लढताना पडला, असं आपण मानतो. त्या लढाईत पडलेल्यांवर बायका रडगाणी गातात. त्यांत सगळ्यांची नावं आहेत, बारलासचं नाही. आणि डोंगरापलीकडच्या लग्नाच्या गाण्यात, त्याच सणाच्या दिवशी, तो नवऱ्या मुलाशेजारी नाचतोय! मास्तरांनी हे भर जत्रेत सांगितलं आणि त्याच क्षणी पुतळ्याची अर्धी मिशी गळून पडली. आपण तिच्यावर पाय ठेवलात, साहेब. मी बघितलं.

त्यानंतर कॉफीच्या दुकानात त्यांच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. मयतीला मी, पाद्री आणि पाद्र्याचं कुत्रं.

आता रिवाजाप्रमाणे कबरीची मुदत संपली. हाडं वर काढली, मी वाईननं धुतली, पेटीत भरली. अस्थिघराचा राखणदार स्ताव्रोस म्हणतो, "काकू, फळ्या भरल्यात." म्हटलं, "मेल्या, तिथं तुझे रंगाचे डबे आहेत, ते कुठल्या घराण्यातले?" तर म्हणतो, "साहेबांचा हुकूम आहे. मास्तरांनी शब्द मागे घेतला असता तर गोष्ट वेगळी."

फळी नाही, तर पेटी सामाईक खड्ड्यात ओतणार. तिथं कुणाचं हाड कुणाचं, देवालाही कळायचं नाही. अख्ख्या गावाची नावं ज्यानं राखली, तोच बिननावाचा जायचा.

तरी कळवण्यात येतं, की मरताना मास्तरांनी माझा हात धरून सांगितलं, "पोलिक्सेनी, चुकलं माझं. बारलास लढला. गावाला सांग." सबब आपली हरकत उरत नाही. फळी खालची, ओलीची असली तरी चालेल.

उत्तराची आशा नसलेली, तरी वाट बघणारी,
पोलिक्सेनी दिमोपूलू
९ ऑक्टोबर १९८६

सोबत : मृत्यूचा दाखला; नकाराची दोन्ही पत्रं.

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. बाकी सगळं खरं, पण मरतानाचं ते बोलणं मी रचलं. मास्तर तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "नाचतच होता गं. आणि बरा नाचत होता."