पाच अंशांच्या आत

प्रिय गणितबाई,

तुझा कागद मिळाला. त्यावर एक काटकोन त्रिकोण आणि खाली हुकूम: कोन पाच अंशांच्या आत हवा, डोळ्यांचा अंदाज चालणार नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या बापाला हे सांगतेस! धन्य आहे तुझी.

अपघाताला आता पाच महिने झाले. तेव्हापासून तुझं एकच पालुपद: घराला तीन पायऱ्या आहेत, व्हीलचेअरसकट मला कोणी उचललेलं चालणार नाही, म्हणून मी येणार नाही. शेवटी मुकाट्याने शिकायला बसलो. पायऱ्यांची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर, पुढे मोकळी जागा तीन मीटर. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, आले ०.१५. मग तुझ्या जुन्या कॅल्क्युलेटरवर तू लिहिलंस तसा टॅन उलटा दाबला, तर पुन्हा जवळजवळ तेवढंच! अर्धा अंशसुद्धा नाही! डोळ्यांना उतार चांगलाच उभा दिसत होता, पण त्यांचं ऐकायचं नव्हतं ना? दोन दिवस खपून फळ्या ठोकल्या.

आईने त्यावरून कुंड्यांची ढकलगाडी वर नेऊन पाहिली. ती हातातून सुटली ती थेट फाटकावर. तीन कुंड्या फुटल्या आणि बोलणी मी खाल्ली. मग तिने चष्मा लावून कॅल्क्युलेटर पाहिला, तर तो अंशांत नव्हताच, रेडियनमध्ये होता. कुठल्याशा परीक्षेनंतर तूच तसा ठेवून गेलीस. खरा कोन साडेआठ अंश. म्हणजे माझे डोळे बरोबर होते, पण या घरात ते कोण कबूल करतंय?

पाच अंशांच्या चांगलं आत बसायचं तर पाच मीटर चाळीसची जागा हवी. तेवढ्यात माझी कामाची शेड येत होती, ती उतरवली. यावर फोन करून डोकं खाऊ नकोस. टेबल मागच्या खोलीत मावलंय.

नवा उतार पावणेपाच अंशांचा आहे. काल दवाखान्यातून व्हीलचेअर मागून आणली, स्वतः तिच्यात बसलो आणि चाकं फिरवत वर गेलो. आईला हात लावू दिला नाही. दम लागला, खोटं कशाला सांगू. पण पासष्टीचा मी चढलो, तर तू चढशील. रविवारी ये. दार उघडं असेल आणि आम्ही दोघं आत बसलेलो असू. बाहेर कोणी येणार नाही.

तुझाच, रेडियनमध्ये नापास झालेला,
बाबा