किमचीच्या फ्रिजमधलं इन्सुलिन

२१ नोव्हेंबर, गुरुवार

औषधांचा फ्रिज मेला. एकदाचा! दुरुस्तीवाला सुनचॉनहून यायचा — म्हणजे आलाच! आमच्या वृद्धाश्रमाच्या मालकीणबाई, प्योबाई, म्हणाल्या, "ठेव की किमचीच्या फ्रिजमध्ये. थंडावाच हवा ना?" मी म्हटलं, बाई, त्याला कुलूप नाही. आणि तो फार गार असतो. "तू नर्स आहेस की फ्रिजवाली?" स्वयंपाकघरातल्या सगळ्या फिदीफिदी हसल्या.

इन्सुलिन लागतं ते एकट्या ओक-बुन आजींना. त्यांची इंजेक्शनची पेनं उचलली, नेऊन ठेवली. मला काय!

२५ नोव्हेंबर

वर्षाची किमची घातली. दीडशे कोबी! कंबर गेली कामातून. फ्रिज गच्च. लवकर आंबू नये म्हणून कुणीतरी थंडी पार वाढवून ठेवलीय. पेनं तळाशी, डब्यांच्या मागे. हात घालून चाचपडत काढावी लागतात.

२९ नोव्हेंबर

आजींची साखर ३४०! परवाच तर नवं पेन सुरू केलंय.

सरळ उशीच उचलली. खाली रताळ्याचं साल. "अगं, ते रविवारचं. लेकाने भाजून आणलेली, त्यातलं एकच खाल्लं गं. शप्पथ!" ब्याऐंशी वर्षांची बाई, आणि खोटं बोलते. त्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. औषधं उघड्यावर आणि म्हातारी कुलपात. छान चाललंय.

३ डिसेंबर

४१०. डॉक्टरांनी फोनवरच डोस वाढवला. परवा चौदाचे वीस केले होते, आज वीसचे अठ्ठावीस. मुलालाही कळवलं. मीच! तो फोनवरून आईवर ओरडला, "या वयात चोरून खातेस? लाज वाटते का?" आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारी भातही नको म्हणाल्या.

६ डिसेंबर

पेन संपलं म्हणून दुसरं काढायला गेले. उजेडात धरलं तर आत बर्फाचे कण.

गोठलेलं इन्सुलिन! म्हणजे इतके दिवस मी त्यांना नुसतं पाणी टोचत होते. आणि वर चोर म्हटलं.

पेन घेऊन तशीच प्योबाईंकडे गेले. त्या शांत. "नवीन पेनं मागवते. बोभाटा करू नकोस."

"पण डोस? चांगल्या इन्सुलिनचे अठ्ठावीस म्हणजे म्हातारीचा जीव जाईल!"

"औषधांच्या तक्त्यात आहे तो आहे. कमी करायला सांगितलंस की डॉक्टर विचारणार, का. मग तपासणी. पेनं तिथे ठेवली कुणी? तूच ना?"

मी त्रेपन्न वर्षांची. मला आता कोण ठेवणार कामावर? भित्री मेली मी.

७ डिसेंबर

नवं पेन आलं. चौदाच दिले. तक्त्यात अठ्ठावीस लिहून सही ठोकली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही!

१० डिसेंबर

साखर १५२. प्योबाई ऐटीत म्हणतात, "बघ, अठ्ठावीस कसे लागू पडले!" त्यांचं तोंड बघवत नाही. माझंही.

आजींची माफी मागायला गेले. कपाटाचं कुलूप काढलं आणि तशीच परत आले. मागून त्यांचाच आवाज, "पोरी, रागावू नकोस गं. खाल्लंही असेल मी. आता आठवत नाही." दारातूनच मागे वळायला हवं होतं. नाही वळले. डॉक्टरांना फोन करायचा ठरवलं, नंबरही लावला, मग ठेवून दिला. सोमवारी करीन.

१२ डिसेंबर

काल माझी सुट्टी होती. इंजेक्शन दुसऱ्या नर्सने दिलं, मि-रानने. तिने माझा तक्ता वाचला आणि अठ्ठावीस दिले. ओक-बुन आजी गेल्या.